हात मागे घेण्याची विद्या

(वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



उत्सवाच्या मंडपात यंत्रांचा विषय निघालेला पाहून वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या सभेतील कित्येक घरांची मुले-मुली आज अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांतील काही जण रात्री उशिरापर्यंत महाविद्यालयाच्या कर्मशाळेत थांबतात, घरी येतात तेव्हा हातांना वंगण लागलेले असते, आणि ‘इतका वेळ काय करत होतास?’ असे विचारले तर ‘रोबोकॉन’ एवढे एकच उत्तर मिळते. हा अभ्यास म्हणावा की खेळ, असा प्रश्न आई-वडिलांना पडतो. वर्षाची फी भरलेली असते, परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि मुलगा एका चाकाच्या गाड्याभोवती घोटाळत असतो. ही काळजी खोटी नव्हे. म्हणूनच हा प्रकार काय आहे, कोठून आला आणि त्यातून काय साधते, याचा शांतपणे विचार व्हावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

शास्त्राच्या रीतीप्रमाणे आरंभी शब्द पाहिले पाहिजेत. ‘यंत्र’ हा आपला जुना शब्द ‘यम्’ धातूशी जोडला जातो. त्या धातूचा अर्थ आवरणे, नियमन करणे. जे गतीला आवरते आणि हवी त्या दिशेला वळविते ते यंत्र. ‘रोबो’ किंवा ‘रोबोट’ हा शब्द मात्र अगदी अलीकडचा. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात तो आला, आणि ‘रोबोता’ म्हणजे वेठ या चेक शब्दावरून तो घडविलेला आहे. एका शब्दाच्या मुळाशी नियमन आहे, दुसऱ्याच्या मुळाशी वेठबिगार आहे. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत यांपैकी कोणता अर्थ खरा ठरतो, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

यंत्रांचे कुतूहल आपल्या देशाला नवे नाही. धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील ‘समराङ्गणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रविधानाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. हालचाल करणाऱ्या लाकडी पुतळ्यांचे आणि यांत्रिक द्वारपालांचे वर्णन त्यात येते. मात्र ही यंत्रे घडविण्याची संपूर्ण रीत तेथे दिलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे, तर गोपनासाठी वगळली आहे, असे ग्रंथच सांगतो. इंदूर-धारकडील मंडळींना या ग्रंथाचा अभिमान वाटावा हे युक्तच आहे. पण त्यावरून आजची सारी यंत्रविद्या पूर्वी आपल्याकडे होतीच, असे अनुमान काढणे न्यायाला धरून होणार नाही. घेण्याजोगा बोध निराळा आहे. झाकून ठेवलेली विद्या पुढच्या पिढीला वर्णनापुरती उरते, करण्यापुरती उरत नाही. ज्या स्पर्धेचा विचार येथे चालला आहे, तिचा पहिला विशेष याच्या नेमका उलट आहे. तिचे नियम छापून सर्वांसाठी खुले केले जातात. कोडे सर्वांना एकच, उत्तर मात्र ज्याचे त्याने शोधावयाचे.

या स्पर्धेचा उगम जपानमध्ये आहे. तोक्यो येथील तंत्रविज्ञान संस्थेत मासाहिरो मोरी नावाचे प्राध्यापक होते. १९२७ साली जन्मलेल्या या विद्वानाने यंत्रनियंत्रणाचे शास्त्र शिकविले आणि त्याच वेळी बौद्ध धर्माचेही सखोल अनुशीलन केले. यंत्रात बुद्धत्व आहे काय, या प्रश्नावर त्यांनी १९७४ साली ग्रंथ लिहिला. आपल्या विचारांच्या अभ्यासासाठी त्यांनी जी संस्था काढली, तिच्या नावात ‘मुक्त’ हा संस्कृत शब्द घातला. संस्कृत पाठशाळेच्या अंगणापासून हजारो कोसांवर एका यंत्रशास्त्रज्ञाला आपल्या संस्थेसाठी हाच शब्द योग्य वाटावा, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

मोरी यांनी वर्गातील व्याख्यानाच्या जोडीला विद्यार्थ्यांपुढे प्रत्यक्ष वस्तू घडविण्याचे आव्हान ठेवले. पुढे जपानच्या एन. एच. के. या सार्वजनिक नभोवाणी-दूरदर्शन संस्थेने त्याच धर्तीवर १९८८ साली तंत्रविद्यालयांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीचे आव्हान पाहण्यासारखे आहे: साध्या कोरड्या बॅटरीच्या दोन नळ्या घ्या आणि तेवढ्याच शक्तीवर माणसाला बसवून नेणारी गाडी करा. दोन नळ्यांत साठलेली शक्ती ती किती! ती घर्षणात वाया गेली तर गाडी जागची हलणार नाही. एवढ्या एका अटीने चाक, आस, वजन आणि घर्षण यांचे सगळे पाठ मुलांना पुन्हा उघडावे लागले. साधन थोडे दिले की बुद्धीला काम मिळते, हे तत्त्व या स्पर्धेच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे.

आणखी एक प्रथा तितकीच महत्त्वाची. जपानच्या या तंत्रविद्यालयीन स्पर्धेत सर्वोच्च मान अंतिम सामना जिंकणाऱ्याचा नसतो. ज्या संघाची कल्पना सर्वांत स्वतंत्र आणि तिची सिद्धी सर्वांत सुंदर, त्याला महापुरस्कार दिला जातो, आणि तो विजेतेपदाहून श्रेष्ठ मानला जातो. जय आणि गुण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तेथे नियमानेच मान्य केलेले आहे.

पुढे आशिया व प्रशांत भागातील प्रसारण संस्थांच्या संघाने हीच कल्पना अनेक देशांसाठी उचलली, आणि २००२ साली तोक्यो येथे पहिली आंतरराष्ट्रीय ‘रोबोकॉन’ स्पर्धा झाली. ती व्हिएतनामच्या विद्यार्थ्यांनी जिंकली. स्पर्धा दर वर्षी नव्या देशात भरावी आणि यजमान देशाने आपल्या संस्कृतीतील एखादी कथा, उत्सव किंवा खेळ घेऊन त्यावर आव्हान रचावे, असा प्रघात पडला. पहिल्या वर्षी विषय होता फूजी पर्वताचे शिखर. २००४ साली सोलमध्ये आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेल्या कोरियन प्रेमिकांच्या पुनर्मीलनाची कथा घेतली गेली. २०१० साली कैरोमध्ये यंत्रांनी पिरॅमिड रचले. २०१९ साली मंगोलियाने आपल्या जुन्या टपालाचा विषय दिला: घोडेस्वार जासूद एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला जात आणि अधिकाराची खूण असलेला पट्टा हाती देत. त्या वर्षीचा नियम असा की एका यंत्राने तो पट्टा दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, आणि दुसऱ्या यंत्राने घोड्यासारखे चार पायांनी चालत जावे. चाकांची सोय काढून घेतली, तेव्हा चालणे ही किती अवघड क्रिया आहे हे मुलांच्या ध्यानी आले. एक पाय उचलला की उरलेल्या तिघांनी भार पेलला पाहिजे. वजनाचा मध्य त्या तीन पायांच्या मधल्या जागेतून बाहेर गेला की यंत्र आडवे. घोड्याचे शिंगरू जन्मानंतर काही तासांत जे करते, त्यासाठी तरुणांचे महिनेच्या महिने खर्ची पडले. निसर्गाविषयीचा आदर अशा रीतीने हातांतून शिकला जातो.

आता स्पर्धेचे प्रत्यक्ष रूप पाहावे. नियमांची पुस्तिका निघाली की विद्यार्थी ती सूत्रग्रंथासारखी वाचू लागतात. प्रत्येक शब्दावर ऊहापोह होतो. ‘स्पर्श’ म्हणजे काय? वस्तू ‘ठेवली’ केव्हा म्हणावी, यंत्राने सोडल्यावर की सोडण्यापूर्वीही? शंका आयोजकांकडे पाठविल्या जातात आणि त्यांची उत्तरे सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. सूत्र, पूर्वपक्ष आणि समाधान ही जी परंपरा पाठशाळेत चालते, तिचेच हे दुसरे रूप म्हणता येईल. अलीकडच्या नियमांनुसार संघाची सगळी यंत्रे मिळून वजन ५० किलोंच्या आत राहावे लागते आणि विजेचा दाबही मर्यादित असतो. या कुंपणात राहून आराखडा काढायचा, धातू कापायचा, मोटरी बसवायच्या, आणि यंत्राने कोणत्या क्षणी काय करावे याच्या आज्ञा लिहायच्या. हे सगळे ज्या सामन्यासाठी, तो चालतो जास्तीत जास्त ३ मिनिटे.

त्या ३ मिनिटांत एक कठोर नियम लागू असतो. काही यंत्रे माणसाने चालवावयाची असतात. पण जे यंत्र स्वयंचलित म्हणून नेमलेले आहे, ते एकदा सुरू केले की घडविणाऱ्याने हात मागे घ्यायचा. यंत्र चुकले तर ते डोळ्यांनी पाहायचे. पंचांच्या अनुमतीने नव्याने आरंभ करता येतो, पण तोही ठरलेल्या जागेवरून, आणि गेलेला वेळ परत मिळत नाही. जे सांगायचे ते आधी सांगून ठेवलेले असले पाहिजे.

याच ठिकाणी या विद्येचे मर्म आहे. यंत्राला अंदाज नसतो. चाक किती वेळा फिरले हे मोजून ते आपली जागा ठरविते. चाक जरा घसरले की मोजणी चुकते, आणि एक चूक पुढच्या प्रत्येक पावलात वाढत जाते. म्हणून जमिनीवरची पांढरी रेघ किंवा बाजूची भिंत यांची साक्ष घेऊन ती चूक वेळोवेळी दुरुस्त करावी लागते. कर्मशाळेत रेघ बरोबर ओळखणारे यंत्र स्पर्धेच्या प्रखर दिव्यांखाली गोंधळते, कारण त्याने प्रकाशाची सवय दुसऱ्या खोलीत केलेली असते. ज्या घडविणाऱ्याने ‘दिवे बदलले तर?’ हा प्रश्न आधी विचारला, त्याचे यंत्र चालते. ज्याने विचारला नाही, त्याची हुशारी त्या वेळी उपयोगाची नाही, कारण त्याचा हात रिंगणाबाहेर आहे.

या स्पर्धेचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. भारतात तिची धुरा दूरदर्शनने वाहिली, आणि पुण्याजवळ बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुलात राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे भरत असे. २००८ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धाच पुण्याला आली, आणि यजमानांनी विषय निवडला तो गोपाळकाल्याच्या दहीहंडीचा. उंचावरील मडक्यांतून लोण्याचे प्रतीक असलेले ठोकळे यंत्रांनी काढावयाचे, आणि पूर्ण यशाचे नाव ‘गोविंदा’. देशोदेशींच्या तरुणांनी त्या वर्षी हा शब्द शिकला.

यावर एक आक्षेप संभवतो. भगवंताच्या बाललीलेचा असा यांत्रिक खेळ करणे उचित आहे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. दहीहंडीत खालच्या थरातील माणूस वरच्यांचा भार खांद्यावर घेतो; त्याला वरचे दिसत नाही, हंडी दिसत नाही, तरी तो हलत नाही. वर चढणारे पोर त्या खांद्यांवर भरवसा ठेवते. यंत्राला खांदा नाही, भय नाही, भरवसाही नाही. तेव्हा दहीहंडीतले खरे मोल यंत्रात उतरले नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ते उतरले नाही हे कळले कसे? उंची, अंतर, वजन, तोल या सगळ्या गोष्टी मोजून यंत्राला दिल्यावर जे मोजता आले नाही ते शिल्लक राहिले, आणि शिल्लक राहिले म्हणूनच स्पष्ट दिसले. परंपरेची अशी चिकित्सा तिचा अवमान करीत नाही. तिच्यात माणसाचे असे काय आहे, ते ती दाखवून देते.

दुसरे उदाहरण याहून घरगुती आहे. २०२२ साली नवी दिल्लीच्या स्पर्धेसाठी भारताने विषय दिला तो लगोरीचा. बेळगावकडे मराठी आणि कानडी दोन्ही घरांतली मुले या खेळाला लगोरीच म्हणतात. हिंदी मुलखात तोच पिट्ठू किंवा सतोलिया होतो, बडोद्याकडे सतोडियुं, आणि हैदराबादेकडे तेलुगू मुले त्याला एडु पेंकुलाट, म्हणजे सात खापऱ्यांचा खेळ, म्हणतात. नावे वेगळी, पण चपट्या दगडांची उतरंड आणि चेंडू तोच. या सभेतील क्वचितच कोणी तो खेळला नसेल; आणि खेळताना आपण काय करतो याचा विचार तर त्याहून क्वचित कोणी केला असेल.

यंत्राला शिकविताना तो विचार करावाच लागला. स्पर्धेत ५ चकत्या होत्या, खाली मोठी आणि वर क्रमाने लहान. एका यंत्राने चेंडू फेकून त्या पाडायच्या, दुसऱ्याने पुन्हा रचायच्या, आणि रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर ठेवलेला चेंडू उडवून देण्यासाठी प्रतिपक्षाने नेम धरायचा. आता फेकणे पाहा. चेंडू फेकण्याची एक सरळ युक्ती अशी: उलट दिशांना वेगाने फिरणाऱ्या दोन चाकांच्या फटीत तो लोटला की पलीकडे भिरकावला जातो. पण बॅटरी उतरू लागली की चाकांचा वेग मंदावतो आणि तोच चेंडू हातभर अलीकडे पडतो. म्हणून वेग सतत मोजत राहून तेवढीच वीज वाढवावी लागते. पोराचा दंड थकला म्हणजे ते न सांगता जोर लावते. ती न सांगता घडणारी गोष्ट येथे सांगावी लागते. रचणे तर याहून अवघड. पाडलेल्या चकत्या कोठेही, कशाही पडतात. मूल धावता धावता एक नजर टाकते, मोठी खापरी आधी उचलते, आणि वरची डगमगली तर बोटानेच तिला सावरते. यंत्राला मोठी कोणती हे ओळखायला शिकवावे लागते, किती घट्ट धरावे हे सांगावे लागते, आणि ठेवल्यावर सोडायचे केव्हा हेही सांगावे लागते. ज्या विद्यार्थ्याने हे केले, तो यापुढे अंगणात लगोरी खेळणाऱ्या पोराकडे निराळ्याच नजरेने पाहील. २०२४ साली व्हिएतनामने डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या भातशेतीचा विषय दिला. रोपे लावणे आणि भरल्या दाण्यातून पोचट दाणा ओळखून वगळणे ही कामे यंत्रांकडे दिली. सूप हाती धरून पाखडणाऱ्या बाईच्या मनगटात किती विद्या आहे, याचा अंदाज तेथे आला असेल.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावे. हा अभ्यास की खेळ? वरील विवेचनावरून तो अभ्यास ठरतो. पण हे उत्तर निरपवाद नाही. या क्षेत्रातही दोष शिरू शकतात. पैसा असलेला संघ तयार भाग विकत आणतो आणि जोडकामालाच निर्मिती समजतो. वरच्या वर्गातले विद्यार्थी सगळे काम आपणच करतात आणि नव्यांना स्क्रू आवळण्यापुरते ठेवतात. मग ते बाहेर पडले की संघाची विद्याही त्यांच्याबरोबर जाते. कोठे महाविद्यालयाला केवळ ढालीची हाव असते, आणि हरलेल्या मुलांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ज्याचे नियमित अध्ययन यापायी बुडते, त्याचा लाभही अपुरा राहतो, कारण गणित कच्चे असलेल्याला यंत्र फार काळ साथ देत नाही. जेथे असे घडते तेथे वेठबिगाराचा अर्थ खरा होतो. फक्त वेठ यंत्राऐवजी मुलांच्या वाट्याला येते.

या दोषांवरचा उपाय स्पर्धेच्याच एका विषयात सापडतो. २०१४ साली स्पर्धा पुन्हा पुण्यात भरली, तेव्हा विषय होता मातृ-पितृभावाला वंदन. प्रत्येक संघाची यंत्रे दोन: माणसाने चालविलेले पालकयंत्र आणि स्वयंचलित बालयंत्र. बागेतला सी-सॉ, खांबांवरून चालणे, झोका, आणि शेवटी चढण्याची जंगल जिम, असे खेळ त्या दोघांनी मिळून पुरे करायचे, आणि सगळे साधले की ‘शाबास’! घोषणेचा हा शब्दही आपल्याच घरातला. या रचनेत एक खोल अर्थ भरलेला आहे. पालकयंत्र उचलून नेऊ शकते, झोका देऊ शकते. पण बालयंत्राच्या ठायी स्वतःचे काही नसेल तर उचलून नेण्याचा उपयोग काय? फार घट्ट धरले तर त्याला हलता येत नाही, फार लवकर सोडले तर ते पडते. नेमका क्षण ओळखणे, हीच त्या संघांची परीक्षा होती.

हीच परीक्षा शिक्षकाची आहे आणि आई-वडिलांचीही आहे. गुरूने धातुरूपे घोकून घेतली, संथा दिली, चुका काढल्या, तरी सभेत उभे राहून वाक्यार्थ शिष्यालाच मांडावा लागतो. तेथे गुरू ओठ हलवीत नाही. जे द्यायचे ते आधी द्यायचे असते. यंत्रस्पर्धेत तरुण विद्यार्थी घडविणाऱ्याच्या जागी उभा राहतो आणि आपण न दिलेली एक आज्ञा किती महाग पडते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. विसाव्या-एकविसाव्या वर्षी एवढी जबाबदारी अनुभवाला यावी, हा लाभ लहान नव्हे.

तेव्हा कर्मशाळेतून उशिरा घरी आलेल्या मुलाला किंवा मुलीला ‘जिंकलास का?’, ‘जिंकलीस का?’ एवढेच विचारू नये. यंत्र कोठे अडले, का अडले, आणि पुढच्या खेपेस त्याला आधी काय सांगून ठेवणार, हे विचारावे. ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येतात, त्याचे वर्ष वाया गेलेले नाही, मग ढाल कोणाच्याही हाती गेलेली असो. आणि ज्याला ती देता येत नाहीत, त्याला ती शोधायला पुन्हा कर्मशाळेत जाऊ द्यावे; मात्र जाण्यापूर्वी ताटावर बसवून पोटभर जेवू घालावे.